वेष्टनावरची अक्षरे आणि हजेरीपटावरचे नाव

आपण काय खातो हे ग्राहकाला कळले पाहिजे आणि राबणाऱ्याला निदान जगण्यापुरते मिळाले पाहिजे, या दोन मागण्यांना उघडपणे विरोध करणारा माणूस सभेत, विधिमंडळात किंवा वृत्तपत्रात सहसा आढळत नाही. म्हणूनच कदाचित या दोन्ही बाबतींत कायदे करणे आपल्याकडे सोपे गेले. किमान वेतनाचा कायदा १९४८ चा. जनुकीय बदल केलेल्या अन्नाच्या वेष्टनावर ‘जीएम’ ही इंग्रजी आद्याक्षरे ठळकपणे छापावीत, हा नियम १ जानेवारी २०१३ पासून आला. पहिल्याला पाऊणशे वर्षे उलटून गेली, दुसऱ्यालाही एक तप झाले. आता वाद घालायचा तो कायदा असावा की नसावा यावर नव्हे. तो कोणाच्या दारापर्यंत पोचतो आणि कोणाच्या दारावरून तसाच पुढे जातो, यावर घातला पाहिजे.

या दृष्टीने वसई-विरार हे पाहण्यासारखे ठिकाण आहे. २००९ मध्ये महानगरपालिका झालेल्या या शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेतच बारा लाखांवर गेली होती. रेल्वेच्या पश्चिमेला अजूनही काही वाड्या तग धरून आहेत. तेथे केळी, भाजी, फुले आणि पानवेली दिसतात. पूर्वेला अहमदाबाद महामार्गाच्या अंगाने वालीव, गोखिवरे, सातिवली, पेल्हार येथे औद्योगिक वसाहती आहेत. तेथील गाळ्यांत काय बनत नाही ते विचारावे. संध्याकाळी अशा एखाद्या गाळ्यातून सुटणारा माणूस तासाभराने नालासोपाऱ्याच्या किराणा दुकानासमोर उभा असतो. पहिल्या जागी तो श्रम विकतो, दुसऱ्या जागी तेल विकत घेतो. अर्थशास्त्राच्या पुस्तकात ही दोन प्रकरणे वेगवेगळी असतात. त्याच्या खिशात ती एकच असतात. आणि दोन्ही ठिकाणी समोरच्यापाशी जी माहिती असते, ती याच्यापाशी नसते.

प्रथम अन्नाचा प्रश्न. देशात व्यापारी लागवडीत असलेले जनुकीय बदलाचे पीक म्हणजे कापूस, आणि कापूस काही कोणी खात नाही; तेव्हा हा सारा युरोप-अमेरिकेचा वाद आहे, अशी समजूत सुशिक्षितांतही आढळते. बीटी वांग्यावर तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी फेब्रुवारी २०१० मध्ये स्थगिती आणली. त्याआधी नागपुरासह सात शहरांत जाहीर सुनावण्या झाल्या. तो वाद इतका गाजला की वांगे वाचले म्हणजे ताट वाचले, असे लोकांना वाटले. वस्तुतः बीटी कपाशीला मार्च २००२ मध्येच मान्यता मिळाली होती, आणि आज देशातील कपाशीच्या क्षेत्रापैकी नव्वद टक्क्यांहून अधिक क्षेत्र तिने व्यापले आहे. कापूस वेगळा केल्यावर सरकी उरते. सरकीचे तेल माणसे खातात आणि पेंड दुभती जनावरे खातात. फरसाणाच्या कढईत हे तेल विशेष चालते, कारण ते स्वस्त पडते आणि त्याला स्वतःची अशी फारशी चव नसते.

कपाशीपाशीच ही गोष्ट थांबत नाही. देशाची खाद्यतेलाची निम्म्याहून अधिक गरज आयातीवर भागते. त्यातील सोयाबीन तेल मुख्यतः अर्जेंटिना आणि ब्राझील येथून येते, आणि तेथील सोयाबीन जवळजवळ सर्व जनुकीय बदल केलेले असते. ऑगस्ट २०२१ मध्ये कोंबडीखाद्य महागले म्हणून केंद्र सरकारने अशाच सोयाबीनची १२ लाख टन पेंड आणण्याची परवानगी दिली. ज्या वाटांनी ती आणायची होती, त्यांत न्हावाशेवा बंदर होते. मराठवाड्यातील सोयाबीन उत्पादक त्या निर्णयाने संतापले, पण त्यांचा संताप भावाचा होता, जनुकांचा नव्हता. सारांश, ज्या वस्तूला आपण दाराशीच अडवले असे समजतो, ती स्वयंपाकघरात केव्हाच येऊन बसली आहे. वेष्टनावर मात्र तिचे नाव सहसा दिसत नाही.

यावरून कोणी घाबरून जावे असे मुळीच नाही. बाजारात आलेले अशा प्रकारचे अन्नपदार्थ सुरक्षिततेच्या कसोट्यांतून गेलेले आहेत आणि त्यांपासून आरोग्यास धोका संभवत नाही, असेच जागतिक आरोग्य संघटनेचे म्हणणे आहे. शुद्ध केलेल्या तेलात तर बदललेले जनुक किंवा त्याचे प्रथिन जवळजवळ उरतच नाही. परंतु लेबल ही धोक्याची पाटी नव्हे. शाकाहारी पदार्थावर हिरवा ठिपका असतो, तो मांस विषारी आहे म्हणून नव्हे. खाणाऱ्याला निवड करण्याचा अधिकार आहे म्हणून असतो. अधिकार मान्य केला की त्यामागचे कारण विचारण्याचे प्रयोजन उरत नाही. बीटी बियाण्याचे समर्थक लेबलाला भितात आणि विरोधक त्याला विषाची बाटली दाखवण्याचे साधन समजतात; दोघेही त्या दोन अक्षरांवर त्यांना पेलवणार नाही इतका भार टाकतात.

खरी अडचण निराळी आहे. तेलात जनुक उरत नसेल तर प्रयोगशाळेला तरी ते कोठून सापडणार? येथे जगात दोन वाटा फुटल्या. युरोपीय संघाने २००४ पासून असा नियम केला की तेलात काही सापडो वा न सापडो, ते ज्या पिकातून आले त्याची नोंद शेतापासून दुकानापर्यंत जपली पाहिजे आणि लेबल लागले पाहिजे. अनवधानाने झालेल्या मिसळीला ०.९ टक्क्यांपर्यंत सूट. अमेरिकेने २०२२ पासून सक्ती केली, पण तपासणीत जनुक न सापडणाऱ्या शुद्ध तेला-साखरेला तीतून वगळले. म्हणजे एक कायदा दप्तरावर विसंबतो, दुसरा परीक्षानळीवर. भारताच्या अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२१ मध्ये जो मसुदा प्रसिद्ध केला, त्यात एक टक्क्याची मर्यादा सुचवली होती. वर्षभराने तो सुधारून पुन्हा काढला. २३ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयात जनुकीय मोहरीच्या प्रकरणात दोन न्यायमूर्तींचे मत विभागले, तरी एका गोष्टीवर ते एक झाले: आयात होणाऱ्या अशा अन्नाला, आणि विशेषतः खाद्यतेलाला, अन्न सुरक्षा कायद्यातील वेष्टन व लेबलाच्या तरतुदी लागू केल्याच पाहिजेत. मोहरीच्या खटल्यातून तेलाच्या डब्याला मिळालेला हा न्याय फारसा कोणाच्या ध्यानी आला नाही.

तथापि डबा ज्याला परवडतो त्याचीच ही कथा झाली. नालासोपाऱ्याच्या चाळीत तेल पाव किलोने येते. सुटे तेल विकण्यास कायद्याने मनाई आहे, आणि ती उगाच नाही. १९९८ मध्ये दिल्लीत पिवळ्या फुलाच्या काटेरी रोपाचे बी मिसळलेल्या मोहरीच्या तेलाने सुमारे साठ माणसे दगावली, आणि त्यानंतर खाद्यतेल बंद वेष्टनातच विकण्याचा आदेश निघाला. तरीही पिंपाला नळ लावून तेल विकले जाते, कारण ज्याला रोजची मजुरी रोज मिळते तो एका वेळी एक लिटरही घेऊ शकत नाही. त्याने कागदात बांधून घेतलेल्या शेवेला वेष्टन नाही, वडापावाला वेष्टन नाही, तबेल्यातून बरणीत आलेल्या दुधाला वेष्टन नाही. लेबलाचा कायदा वेष्टनावर लिहिला जातो. ज्याच्या बाजारात वेष्टनच नाही त्याच्यासाठी तो लिहिलेलाच नाही.

यावर वसईत एक उत्तर ऐकू येते आणि ते कानाला गोड लागते. पश्चिमेच्या वाडीतून टोपली घेऊन येणाऱ्या भाजीवालीच्या मालाला कधी लेबल लागले नाही. गिऱ्हाईक तिला ओळखते, तिची वाडी ओळखते, तेवढे पुरे. यात तथ्य आहे. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकेरलॉफ यांनी १९७० मध्ये दाखवून दिले की विकणाऱ्याला मालाची प्रत ठाऊक आणि घेणाऱ्याला नाही, अशा बाजारात चांगला माल हळूहळू हटतो आणि वाईट उरतो. ओळख हा त्यावरचा जुना उपाय, लेबल हा ओळख संपल्यानंतरचा. पण ओळखीचे गोडवे गाणाऱ्याने थोडे पूर्वेला जाऊन पाहावे. याच भागात जमीनदार आणि वारली कूळ यांची पिढ्यान्‌पिढ्यांची ओळख होती, आणि तिचे नाव वेठबिगार होते. १९४५ मध्ये गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारली उठले, ते ओळख नको म्हणून नव्हे. गवतकापणीचा दर ठरलेला हवा म्हणून. त्या वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्याला गोळीबार झाला, पाच माणसे पडली. ओळख उपयोगी पडते ती बरोबरीच्यांमध्ये. जेथे बरोबरी नाही तेथे दर कागदावर लागतो.

तो कागद देशाच्या पातळीवर पुढे लवकरच आला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सभासद असताना एप्रिल १९४६ मध्ये किमान वेतनाचे विधेयक मांडले गेले, आणि स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये त्याचा कायदा झाला. किमान म्हणजे किती, याची फोड १९५७ च्या भारतीय श्रम परिषदेने केली. कमावता एक, खाणारी तीन माणसे धरायची. दर माणशी २७०० उष्मांकांचे अन्न, कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, घरभाडे, आणि सरपण-दिवाबत्तीला वीस टक्के. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर मुलांचे शिक्षण, औषधपाणी, लग्नकार्ये व म्हातारपण यांसाठी आणखी पंचवीस टक्क्यांची भर घालायला सांगितले. हिशेब सुरेख आहे. फक्त वेतन संहितेच्या २०२० मधील केंद्रीय मसुदा-नियमांत घरभाडे अन्नवस्त्राच्या खर्चाच्या दहा टक्के धरले होते. हा नियम ज्यांनी लिहिला त्यांनी नालासोपाऱ्यात खोली पाहिली असती, तर तेवढ्यात पोटमाळाही मिळत नाही हे त्यांच्या लक्षात आले असते.

कायद्याला न्यायालयांनीही जितके बळ देता येईल तितके दिले. आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की किमान वेतनापेक्षा कमी घेऊन कोणी राबत असेल तर त्यामागे परिस्थितीची सक्ती आहे, आणि ती घटनेने निषिद्ध केलेली वेठच होय. वसई तालुक्यात या निकालाला जिता-जागता अर्थ होता. उसगावला ठाणे असलेली श्रमजीवी संघटना त्याच सुमारास वेठबिगारांच्या सुटकेसाठी आणि किमान वेतनासाठी उभी राहत होती. वेठ नावाने संपली. तिची सावली वीटभट्टीवर अजून दिसते. जव्हार-मोखाड्याकडील कुटुंबे पावसाळ्यात, घरातले धान्य संपत आले असता, मालकाकडून बयाणा उचलतात आणि दिवाळीनंतर वसई-भिवंडीकडे भट्ट्यांवर येतात. मजुरी हजार विटांमागे असते, आणि ती नवराबायकोच्या जोडीला मिळून असते. बाईच्या श्रमाचा वेगळा आकडा कोठेच उमटत नाही. आठवड्याला खर्ची मिळते, बाकीचा हिशेब हंगाम संपता. दिवसाच्या दराशी हा हिशेब ताडून पाहणे निरीक्षकालाही सोपे जाणार नाही, मग मजुराला कोठून जमावे?

गाळ्यातली तऱ्हा वेगळी, फळ तेच. तेथे कामगार असतो ठेकेदाराचा, ठेकेदार असतो कोणाचाच नाही. हजेरीपटावर आठ नावे आणि यंत्रांपाशी वीस माणसे, हे चित्र वसाहतीत काम केलेल्या कोणालाही नवे वाटणार नाही. ज्यांची नावे आहेत त्यांना बहुधा सरकारी दर मिळतो. उरलेल्यांचा दर नाक्यावर ठरतो.

किमान वेतन वाढवले की कारखाने बंद पडतील, हा आक्षेप जुना आहे आणि तो हसण्यावारी नेऊ नये. पुस्तकातील आकृतीप्रमाणे दर वाढला की मागणी घटते. परंतु ती आकृती असे धरून चालते की कामगाराला एक दार सोडून दुसऱ्या दारात सहज जाता येते. बयाणा घेतलेल्याला जाता येत नाही. मालक थोडे आणि अडलेले मजूर फार, अशा बाजारात मजुरी मुळातच श्रमाच्या मोलापेक्षा खाली दबलेली असते, हे जोन रॉबिन्सन यांनी १९३३ मध्येच मांडले होते. अमेरिकेत न्यू जर्सी राज्याने एप्रिल १९९२ मध्ये किमान वेतन ताशी ४.२५ डॉलरवरून ५.०५ डॉलरवर नेले. शेजारच्या पेनसिल्व्हेनियाशी तुलना करता तेथील उपाहारगृहांतला रोजगार घटल्याचे डेव्हिड कार्ड व ॲलन क्रूगर यांना आढळले नाही. त्यांच्या अभ्यासावर अजूनही वाद होतात आणि न्यू जर्सी म्हणजे वालीव नव्हे हे खरे. पण दर वाढला की रोजगार गेलाच, हे सूत्र डोळे मिटून म्हणण्याचे दिवस त्या अभ्यासाने संपवले.

वसईच्या कारखानदाराचा युक्तिवाद त्याहून व्यावहारिक असतो. तो महामार्गाकडे बोट दाखवतो. येथून काही तासांवर वापी आहे, सिल्वासा आहे. येथे दर चढला तर यंत्र ट्रकवर चढवायला किती वेळ लागतो? या धाकाला एकट्या महाराष्ट्रापाशी उत्तर नाही. ते देशभराच्या तळदरात आहे. नेमका तो तळ वर्षानुवर्षे कागदीच राहिला. २०१७ मध्ये केंद्राने तो रोज १७६ रुपये ठेवला, पण त्यामागे कायद्याचे बळ नव्हते. केंद्रानेच नेमलेल्या तज्ज्ञ समितीने २०१९ मध्ये जुलै २०१८ च्या किमतींनुसार ३७५ रुपयांची शिफारस केली. ती तशीच राहिली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही श्रमसंहिता अंमलात आल्या आणि वेतन संहितेमुळे हा तळ बंधनकारक झाला. कोणत्याही राज्याला त्याखाली जाता येणार नाही. अनुसूचित रोजगारांची जुनी यादीही गेली आणि किमान वेतन सर्व रोजगारांना लागू झाले. सुधारणा मोठी आहे यात शंका नाही. पण तळच १७६ च्या शेजारी कोठेतरी घातला, तर वापीचा धाक होता तसाच राहील.

अन्न आणि वेतन हे दोन प्रश्न केवळ एका लेखात शेजारी बसवलेले नाहीत; शेतात ते प्रत्यक्ष एकमेकांत गुंतलेले आहेत. १० जून २०१९ रोजी अकोला जिल्ह्यातील अकोली जहांगीर येथे शेतकरी संघटनेने मान्यता नसलेली तणनाशक-सहनशील कपाशी जाहीरपणे पेरली आणि कायदेभंग केला. शेतकऱ्याला हे बियाणे का हवे? बोंडअळीसाठी नव्हे. निंदणीचा खर्च वाचावा म्हणून. एका फवारणीत जे काम होते त्यासाठी एरवी बायकांना अनेक दिवस मजुरी द्यावी लागते, आणि कपाशीच्या भावात ती परवडत नाही असे शेतकरी म्हणतो. त्याचे म्हणणे खोटे नाही. पण त्या निंदणीवर ज्या भूमिहीन घराचा पावसाळा निघतो, त्या घराची बाजू त्या दिवशी मंडपात कोणी मांडली नाही. त्या बायकांची संघटना नसते आणि त्यांना किमान वेतन मिळाले की नाही हे विचारणाराही नसतो. ते बियाणे बिनलेबलाच्या पाकिटातून आले, त्याच्या सरकीचे तेल बिनलेबलाच्या पिंपात गेले, आणि निंदणीविना उरलेली माणसे हाताला काम शोधत शहराकडे गेली. एकाच बियाण्याच्या या तीन वाटा आहेत. धोरण आखणारी खाती मात्र तीन असल्याने पर्यावरण खाते जनुक पाहते, आरोग्य खाते तेल पाहते, श्रम खाते नाका पाहते.

उपाय शोधायचा तो नरसाळ्याच्या तोंडाशी. हजारो किराणा दुकानांच्या पिंपांवर लेबल चिकटवणे कोणत्याही खात्याला जमणार नाही. पण आयात होणारे तेल मोजक्या बंदरांत उतरते, मोजक्या शुद्धीकरण कारखान्यांतून जाते, आणि सरकीही गिरण्यांतूनच दळली जाते. तेथेच उगमाची नोंद सक्तीची करावी आणि ती टँकरच्या कागदांबरोबर पुढे जावी, म्हणजे सुटे तेल विकणाऱ्यालाही आपण काय विकतो हे सांगता येईल. याचा खर्च छपाईचा नाही, माल वेगळा ठेवण्याचा आहे, आणि तो मोठ्यांनीच उचलायचा आहे. ग्राहक चळवळीने हे काम अंगावर घेण्याजोगे आहे. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून घरोघरच्या गटांसाठी एकत्र खरेदी करत आली आहे, आणि एकत्र घेणाऱ्याने विचारलेला प्रश्न विक्रेता टाळू शकत नाही.

वेतनाचेही तसेच. ठेकेदाराने वेतन थकवले तर ते आस्थापनेच्या मालकाने द्यायचे, ही तरतूद संहितेत आहे. ती वापरली तर मोजक्या मालकांना जाब विचारून पुष्कळ ठेकेदार आवरता येतील. पण नव्या व्यवस्थेत निरीक्षक हा मार्गदर्शकही झाला आहे. पहिल्या चुकीला तो समज देतो, सुधारण्याला मुदत देतो. माणूस चोवीस तासांत बदलता येतो अशा वसाहतीत मुदत म्हणजे काय, हे मार्गदर्शकाला समजले पाहिजे.

वेतनचिठ्ठी हे श्रमावरचे लेबल आहे. किती दिवस, कोणत्या दराने, काय कापले, एवढे त्यावर असले की पुरे. संहितेने ती देणे सक्तीचे केले आहे, आणि त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे देणे दिल्याचे सिद्ध करण्याचा भार तिने मालकावर टाकला आहे. दावा लावण्याची मुदतही तीन वर्षांवर नेली आहे. मात्र शेतीसाठी किंवा घरकामासाठी पाचपर्यंत माणसे ठेवणाऱ्याला नोंदवह्या आणि चिठ्ठी यांतून सूट आहे, म्हणजे निंदणाऱ्या बाईला ती बहुधा मिळणारच नाही. वीटभट्टीला ही सूट नाही. तरीही जव्हारला परतणाऱ्या जोडप्याच्या कानावर मालकाच्या वहीतली बेरीजच पडते, आणि तीही पाऊस तोंडावर आला असता, टेम्पो उभा असताना.